झिरो पॉइंट दोन मिलिमीटर: जुन्या फ्रेंच सायकलला बसणारा स्टेम शोधताना

(हा भाग ऐकायला वेळ नसेल किंवा आकडे शांतपणे बघायचे असतील, तर हे घ्या लिहून काढलेलं. बोलताना जिथं मी अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] हातोडी

आजचा भाग सास्तूरहून, माझ्या गावाहून रेकॉर्ड करतोय. मागं कोंबडी ओरडली तर सांभाळून घ्या.

सुरुवात एका आवाजानं करतो. टक्. टक्. टक्. हातोडीचा आवाज. गावातल्या सायकल दुकानात काका हातोडी चालवतायत. समोर माझी जुनी फ्रेंच सायकल, आणि ऑनलाइन मागवलेला नवाकोरा स्टेम. स्टेम एक सेंटिमीटर आत गेलाय आणि अडकलाय. काका म्हणतात, "बसतंय की! अजून चार ठोके दिले की बसतंय." मी म्हणतो, "द्या काका." आणि मागून बाबा म्हणतात, "थांबा. कशाला ठोकायलाव? जाईना म्हणजे काहीतरी कारण असंल की."

त्या चार ठोक्यांवर आजचा सगळा भाग आहे. ते पडले असते, तर स्टेम बसलाही असता. आणि सहा महिन्यांनी, माकणी धरणाच्या रस्त्यावर कुठंतरी, बाबा तोंडावर पडले असते.

[०१:२०] आधी स्टेम म्हणजे काय ते बघू

हँडल म्हणजे आपण हातात धरतो तो आडवा दांडा. तो सायकलला जोडणारा जो उलट्या एल अक्षरासारखा तुकडा असतो, तो स्टेम. त्याचा उभा भाग पुढच्या चिमट्याच्या नळीत आत उतरतो आणि आडवा भाग पुढं येऊन हँडलला मिठी मारतो. म्हणजे स्टेम ही हँडलची मान.

गावाकडं याला वेगळं नाव फारसं ऐकू येत नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. आपल्या काळ्या सायकलींत, त्या सळईच्या ब्रेकवाल्या, हँडल आणि मान बहुतेक वेळा जोडूनच येतात. एकच वस्तू. वेगळी मिळत नाही, म्हणून वेगळं नाव नाही.

उभ्या भागातून एक लांब बोल्ट खाली जातो आणि त्याच्या तळाशी शंकूसारखा नट असतो. वरून बोल्ट आवळला की तो शंकू वर ओढला जातो. स्टेमच्या तळाला चिरा दिलेल्या असतात, त्या शंकूमुळं फाकतात आणि नळीला आतून घट्ट धरतात. बस्स, एवढंच. तुमचं पूर्ण वजन, ब्रेक मारल्यावरचा झटका, खड्ड्यातला दणका, सगळं या पकडीवर असतं.

[०२:५०] सायकल आली कुठून

मी पुण्यात नोकरी करतो, सॉफ्टवेअरमध्ये. दिवसभर कीबोर्ड. रविवारी कधी कधी जुन्या बाजारात चक्कर मारतो. तिथं ही सायकल दिसली. प्युजो. सत्तरच्या दशकातली, रंग उडालेला, पण सांगाडा सरळ. प्युजो म्हटलं की आपल्याला गाडी आठवते, पण ही कंपनी १८८२ पासून सायकली बनवत आलीय.

जुन्या सायकलींचा नाद मला लागला तो कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल म्युझियममुळं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथं बघितली आणि डोकंच फिरलं. पुण्यात असाल तर नक्की जा.

तर ही प्युजो मी बाबांसाठी गावी आणली. बाबा आयुष्यभर काळ्या सायकलीवर फिरले. आता वय साठीच्या पुढं, आणि मधे मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण वाकून हातावर वजन टाकलं की दुखतं. काळी सायकल आता जड जाते. ही हलकी, गिअरवाली. पण हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. बाबांनी बघितल्या बघितल्या म्हटलं, "ही काय मेंढ्याची शिंगं आणलास?" आणि ते हँडल सीटपेक्षा तब्बल सात सेंटिमीटर खाली. दोन मिनिटं चालवली आणि मनगट धरून उतरले.

म्हणजे काम ठरलं. हँडल वर आलं पाहिजे, अंगाजवळ आलं पाहिजे. लांब मानेचा स्टेम लागणार. मी मागवला. आणि पुढं ती हातोडी.

[०४:३०] मग बसला का नाही?

कारण सायकल फ्रेंच आहे.

जगभरातल्या जुन्या सायकलींचं मूळ माप इंग्रजी इंच. चिमट्याची नळी बाहेरून एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. तिच्यात जाणारा स्टेम सात अष्टमांश इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर. फ्रान्स मात्र मेट्रिक मापांचं माहेरघर. त्यांनी नळी केली बाहेरून २५.० आणि आतून २२.०. सगळं गोल आकड्यांत. आटेसुद्धा वेगळे. इंग्रजी पद्धतीत एका इंचात २४ आटे, फ्रेंचमध्ये बरोबर एक मिलिमीटरला एक.

हा प्रकार साधारण सत्तरीच्या अखेरीपर्यंत चालला. ऐंशीच्या दशकात फ्रेंच कंपन्याही हळूहळू बाकीच्या जगाच्या मापावर आल्या. त्यामुळं आज बाजारात मिळणारा या जातीचा जवळजवळ प्रत्येक स्टेम २२.२ चा. आणि माझ्या सायकलीचं भोक २२.०.

फरक किती? ०.२ मिलिमीटर. डोळ्याला दिसत नाही. घेराला दोरा गुंडाळून मोजला तरी फरक येतो जेमतेम ०.६ मिलिमीटर, टेपवर कळणारच नाही. हातात दोन्ही स्टेम घेतले तर जुळी भावंडं.

आमच्या धंद्यातले लोक हे लगेच ओळखतील. दोन लायब्ररींची नावं सारखी, फंक्शनची नावं सारखी, फक्त व्हर्जन वेगळं. कोड चालतो, टेस्ट पास होते, आणि रात्री तीन वाजता सर्व्हर पडतो. एरर लगेच आली तर नशीब समजायचं. खरी भीती "जवळजवळ बसतं" याची असते.

आणि हो, फ्रेंच माप म्हणजे परकी भानगड असं समजू नका. तुमच्या हायब्रिड सायकलच्या टायरवर ७००सी लिहिलंय ना? ते फ्रेंच नाव. माउंटन बाइकवाल्यांचं साडेसत्तावीस इंची चाक? त्याच मापाला फ्रान्समध्ये आधीपासून ६५०बी म्हणत. म्हणजे फ्रेंच सायकल आपण रोज चालवतो, फक्त ओळखत नाही.

[०६:४०] ठोकला असता तर?

थोडं गणित करू. नळी बाहेरून २५.०, आतून २२.०. म्हणजे भिंतीची जाडी दीड मिलिमीटर. पण वरच्या भागात बाहेरून आटे पाडलेत. एक मिलिमीटरच्या आट्याची खोली साधारण ०.६. म्हणजे तिथं उरला जेमतेम ०.९ मिलिमीटर पत्रा. त्यात २२.२ चा स्टेम हातोडीनं घातला, तर नळी आतून फुगते. वरचा कप आणि नट नीट फिरत नाही, हँडल जड होतं. आणि रोजच्या दणक्यांनी आट्याच्या खाचेत बारीक चीर सुरू होऊ शकते. ती बाहेरून दिसत नाही, कारण ती नटाच्या आत असते.

दुसरं, स्टेम अर्धाच आत जातो. कमीत कमी साडेसहा सेंटिमीटर आत हवा. स्टेमवर तशी रेघ कोरलेली असते आणि ती रेघ बाहेर दिसता कामा नये. अर्धवट बसलेल्या स्टेमचा शंकू नेमका आट्यांच्या पातळीवर फाकतो, म्हणजे नळी जिथं सगळ्यात कमजोर तिथंच जोर.

मागचं चाक दगा देतं तेव्हा सायकल डगमगते, पाय टेकायला क्षणभर तरी मिळतो. हँडल सुटलं तर तोही मिळत नाही. हातात दांडा राहतो आणि माणूस तोंडावर जातो.

बाबांना मी नंतर विचारलं, तुम्हाला कसं सुचलं थांबवायचं? ते म्हणाले, "बसलं म्हणजे टिकलं असं नसतंय." त्यांची पिढी हे कुठं शिकली ते आमच्या गावात सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. पिढ्यानपिढ्या उभी असलेली घरं, कुणाला शंका नव्हती. सास्तूर, किल्लारी आणि आसपासची कितीतरी गावं काही सेकंदांत बसली. माझा जन्म त्यानंतरचा. पण बाबांची काळी सायकल त्या ढिगाऱ्यातून काढलेली आहे. त्यामुळं एखादी गोष्ट उभी आहे एवढ्यावर बाबा भरवसा ठेवत नाहीत. कशावर उभी आहे, ते विचारतात.

[०९:१०] मापं घेणं

अडकलेला स्टेम काकांनीच हळूहळू पिळत बाहेर काढला. भला माणूस, म्हणाला, "मला काय माहीत, असली सायकल पहिल्यांदा बघायलोय." बरोबरच आहे. त्यांच्या सगळ्या आयुष्यात आलेल्या सायकली एका मापाच्या.

दुसऱ्या दिवशी उमरग्याला गेलो. तिथं ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, लेथ मशीन असलेलं. मिस्त्रींनी व्हर्नियर कॅलिपर काढला. स्टेम, २२.२. नळी आतून, २२.०. मग त्यांनी मनात हिशेब केला आणि म्हणाले, "आठ थाऊ जास्त हाय." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ०.२ मिलिमीटर म्हणजे जवळपास आठ थाऊ. मला कॅल्क्युलेटर लागला असता.

माप घेताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नळी आधी आतून साफ करा, गंज आणि जुनं ग्रीस दोन्ही माप चुकवतात. दोन, एकाच जागी मोजू नका, वर, मधे आणि आडवं-उभं मोजा. आधी कुणी ठोकाठोकी केली असेल तर नळी लंबगोल झालेली असते. तीन, दोन व्यास मोजायचे आहेत. एक नळीत जाणारा, दुसरा हँडल धरणारा.

हा दुसरा व्यास लोक हमखास विसरतात. फ्रेंच हँडल मधोमध २५.० असतं, बाकीचं बरंचसं जग २५.४, इटालियन २६.० किंवा २६.४. मोठं हँडल छोट्या पकडीत कोंबायला पकड फाकवली तर ती तडकते. उलट, २५.० चं हँडल २५.४ च्या पकडीत घसरतं, पण त्याला उपाय आहे. प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटरची पट्टी घालायची. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा असतो साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे दोन पदर. आमच्याकडं हा प्रश्नच आला नाही, कारण मेंढ्याची शिंगं जाणारच होती. बाबांसाठी मी सरळ, थोडं मागं वळलेलं २५.४ चं हँडल घेतलं आणि स्टेमची पकडही त्याच मापाची.

[११:३०] आता पर्याय किती?

पहिला: जुना फ्रेंच स्टेमच शोधायचा. पिव्हो, अटॅक्स, फिलिप अशी नावं दिसतील. माप अचूक बसतं. पण बहुतेक आखूड मानेचे, म्हणजे हँडल खालीच राहणार. आणि पन्नास वर्षांचं अ‍ॅल्युमिनियम विकत घेताना तळाच्या चिरा भिंगानं बघा. चिरेच्या टोकापासून तडा सुरू होतो. एव्हीए नावाच्या जुन्या फ्रेंच स्टेमला तर सायकलवाल्यांनी इंग्रजीत "डेथ स्टेम" असंच टोपणनाव दिलंय. तो लावलेला दिसला तर चालवू नका, शोकेसमध्ये ठेवा.

दुसरा: नवीन बनवलेला २२.० चा स्टेम. अमेरिकेतल्या वेलो ऑरेंजनं असा काढलेला आहे. पण परदेशातून मागवायचा खर्च आणि वाट बघणं आलं.

तिसरा: २२.२ चा चांगला स्टेम घ्यायचा आणि घासून २२.० करायचा. जपानच्या निट्टो कंपनीचा टेक्नोमिक हा लांब मानेचा स्टेम या कामासाठी जगभर वापरला जातो. माझा तो नव्हता, पण जात तीच, अ‍ॅल्युमिनियमचा आणि १८ सेंटिमीटर मानेचा.

चौथा: नळी आतून मोठी करायची. हा पर्याय विसरा. आताच हिशेब केला ना, ०.९ मिलिमीटर पत्रा उरलाय. त्यातून काढायचं काय? स्टेमची भिंत जाड असते, तिला प्रत्येक बाजूनं ०.१ मिलिमीटर गेल्यानं फरक पडत नाही. आणि काही चुकलंच तर स्टेम नवा मिळतो. फ्रेंच आट्यांचा चिमटा कुठून आणणार?

[१३:२०] लेथ नको, पॉलिश पेपर

मला वाटलं लेथ समोरच आहे, दोन मिनिटांचं काम. मिस्त्री हसले. "ह्याचा पुढचा हात बघा की. लेथवर फिरवला तर भिरभिरंल. धरायचा कुठं? घरी बसा आणि पॉलिश पेपरनं घासा." बरोबर. उलट्या एलला मधोमध पकडून फिरवणं अवघड. हातानं केलेलं काम इथं जास्त सुरक्षित.

तर पद्धत अशी.

बोल्ट आणि शंकू काढून ठेवा. नळीत जेवढा भाग जाणार आहे त्याच्या किंचित वर चिकटपट्टी लावा. त्याच्या पुढं घासायचं नाही. १२० नंबरच्या पेपरची पट्टी कापा आणि बूट पॉलिश करतो तशी दोन्ही हातांनी पुढं-मागं ओढा. थोड्या थोड्या वेळानं स्टेम वळवत राहा, नाहीतर गोलाचा बटाटा होतो. दर दहा मिनिटांनी माप घ्या. २२.१ आला की २४० चा पेपर, शेवटी ४०० चा.

शेवटचा हात आडवा नको, लांबीच्या दिशेनं द्या. आडवे ओरखडे राहिले तर तडा जायला तीच आयती जागा. याच कारणासाठी कानस वापरू नका. तळाच्या चिरांच्या कडाही हळुवार गुळगुळीत करा.

कमी झालं का हे कसं कळणार? स्टेम हातानं, हलकं पिळत, आत सरकला पाहिजे. हातोडी नाही. पण खडखडताही कामा नये. खडखडायला लागला तर जास्त घासलं गेलं, तो स्टेम बाद.

मला ओसरीवर बसून दोन तास लागले. आई म्हणाली, एवढं भांडं घासलं असतंस तर घर चमकलं असतं.

आणि स्टेम लोखंडी, क्रोमचा मुलामा दिलेला असेल तर दोनदा विचार करा. मुलामा गेला की गंज धरतो. अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या.

[१५:४०] बसवणं आणि आराम

बसवण्याआधी नळीत ग्रीस. हे चुकवू नका. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की एकमेकांना असे चिकटतात की पुढं स्टेम निघतच नाही.

बाबांना आम्ही ओट्याला धरून सायकलवर बसवलं. हँडल सीटच्या बरोबरीला आणलं. सात सेंटिमीटर मान आत, अकरा बाहेर. रेघ झाकली गेली, शंकू आट्यांच्या खाली गेला. पुढं येणारा हात आधी १०० मिलिमीटरचा होता, आता ८० चा. नुसतं वर आणणं पुरत नाही, जवळही आणावं लागतं. कोपर किंचित वाकलेलं आणि मनगट सरळ राहिलं की माप जमलं. हँडल वर गेल्यानं जुन्या ब्रेकच्या वायरी अपुऱ्या पडल्या, नव्या टाकल्या. हे आधीच धरून चाला.

मग परीक्षा. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरायचं आणि हँडल पिळायचं. हललं नाही. मग हँडलवर पूर्ण वजन टाकून दाबायचं. हललं नाही. आधी मी अंगणात चालवली, मग गल्लीत, मुद्दाम खड्ड्यांतून. मगच बाबा.

हातोडीला या सगळ्यात एकच मान आहे, ती काढताना. स्टेम काढायचा असेल तेव्हा बोल्ट तीन-चार फेरे सैल करायचा, वर लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि एक हलका ठोका. शंकू खाली सुटतो.

[१७:३०] जाता जाता

बाबा आता सकाळी माकणीच्या रस्त्यानं जाऊन येतात. पहिल्या दिवशी परत आले, सायकल भिंतीला टेकवली, मनगट दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जमलं की रं." आमच्या घरात यापेक्षा मोठं कौतुक होत नाही.

दुकानातल्या काकांना मी एक डिजिटल कॅलिपर दिलाय. त्यांनी तो हातोडीच्या शेजारी, त्याच खिळ्याला टांगलाय. परवा एक पोरगा जुन्या सायकलला कुठलं तरी सीट घेऊन आला, बसेना. काकांचा हात आधी कॅलिपरकडं गेला.

तुमच्या घरातल्या जुन्या सायकलीचा स्टेम एकदा काढून बघा. रेघ झाकलेली आहे का, तळाच्या चिरा नीट आहेत का, ग्रीस आहे का. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि ठोकण्याआधी मोजा.